गळतीबाबत विशेष सभा आणि चहा

लेकीला "वाढदिवसाला काय हवं?" असं माणसानं कधी विचारू नये. आपण काय देणार ते सांगून मोकळं व्हावं. मी विचारलं, आणि आमच्या ठकूनं तयार ठेवल्यासारखं उत्तर दिलं, "चहापार्टी."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. लोकांची पोरं जादूगार मागतात, उड्या मारायचे फुगवलेले वाडे मागतात. त्या मानानं चहा म्हणजे काय, आधण ठेवलं, पावडर टाकली, गाळला, झालं. पाच वर्षांच्या मुलीनं बापाची ऐपत ओळखून मागणी करावी याचा मला अभिमानही वाटला.

"कोणाकोणाला बोलवायचं?" मी उदार मनानं विचारलं.

"खालचीला."

"आणि?"

"आणि कोणालापण. पण खालचीला."

खालची म्हणजे आमच्या बरोबर खालच्या घरातली मुलगी. ठकूच्याच वयाची. आता एका मुलीनं जिना चढून वर यायचं, यात अडचण ती काय? अडचण अशी की खालचीचे वडील, म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि मी यांच्यात बरेच महिने विस्तव जात नव्हता. आणि जिथं बापांचं बोलणं बंद, तिथं लेकींचं खेळणंही बंद. हे कोणी ठरवलं नव्हतं. दारं आपोआपच लवकर लागायला लागली होती.

कारण होतं गळती. आमच्या बाथरूममधलं पाणी त्यांच्या बाथरूममध्ये गळतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. गळत नाही, असं माझं. आता मी कोणी ऐरागैरा नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयात आहे, आणि तिथंही गळती कक्षात. अख्ख्या शहराच्या गळत्या माझ्या टेबलावरून जातात. अशा माणसाच्या घरी गळती आहे म्हणणं हा नुसता माझा नव्हे, खात्याचा अपमान आहे. तरीही मी मोठ्या मनानं प्लंबर बोलावला. त्यानं पाइपावर टिचक्या मारल्या, कान लावला आणि "ठणठणीत आहे" असा निर्वाळा दिला. तो मी जिन्यात डॉक्टरांना ऐकवला.

"मग रोज आमच्या चहाच्या वेळेला पाणी कुठून येतं?" डॉक्टर म्हणाले.

मी कार्यालयात हसतो तसा हसलो. "डॉक्टर, गळतीला घड्याळ कळत नाही. इतकी वर्षं याच कामात आहे मी."

"तुमच्या गळतीला कळतं," असं म्हणून ते गेले. तेव्हापासून ते मला पाहिलं की जिन्याच्या भिंतीकडे पाहू लागले. मध्ये माझी दाढ ठणकायला लागली तर मी गाल धरून दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेलो, पण डॉक्टरांची पायरी चढलो नाही. स्वाभिमान म्हणजे काय असतो ते त्या बसमध्ये मला चांगलंच कळलं.

तर ठकूसाठी ही खाली जाऊन आमंत्रण देऊन आली. (ही म्हणजे आमच्या घरातलं शहाणं माणूस.) डॉक्टरांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्याबद्दल काही नाही. पण आधी गळती. मग चहा." आणि दार लावून घेतलं.

ठकू हिच्या मागोमाग जिन्यात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. भोकाड पसरलं असतं तर बरं झालं असतं, एखाद्या चॉकलेटवर भागलं असतं. ती गुपचूप वर आली, खेळण्यातल्या चहाच्या सेटमधले कप ओळीत मांडले, आणि मला म्हणाली, "बाबा, गळती कधी संपेल?"

हा प्रश्न मला लोक रोज विचारतात आणि मी रोज "कार्यवाही चालू आहे" असं सांगतो. ठकूला तसं सांगायची माझी छाती झाली नाही. त्या सेटमधला एक कप केव्हाचा हरवला होता, तो शोधून देतो असं काहीतरी मी पुटपुटलो. तर म्हणाली, "तो हरवला नाहीये." किटलीसुद्धा कधी खोक्यात सापडत नसे, बाथरूममध्ये बादलीमागे सापडे. पण मुलांच्या वस्तू कुठं सापडाव्यात याला काही धरबंध नसतो, म्हणून मी त्यावर डोकं चालवलं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही, दार उघडं राहिलं की आत येतो. वरच्या मावशी आल्या. "पाच वर्षांच्या पोरीला चहा? उंची खुंटते चहानं. आमच्या धाकट्या दिराचं बघा." त्यांचे धाकटे दीर मी पाहिलेत, दारातून वाकून येतात. शेवटी दुधाला चहाची नुसती ओळख करून द्यायची असं ठरलं.

"आणि एकच पाहुणी हे काय?" मावशी पुढं म्हणाल्या. "सगळ्या इमारतीतली पोरं बोलवा. सगळी चालली म्हटल्यावर डॉक्टर काय पोरीला घरात कोंडून ठेवणार आहेत? लाजेकाजेस्तव पाठवतील."

यात तथ्य होतं. मला कोणाचंही पटकन पटतं, हा माझा दोष आहे असं ही म्हणते, आणि ते मला पटतं. पण सगळ्या इमारतीतली पोरं आमच्या दोन खोल्यांत मावणार कुठं? म्हणून तळमजल्यावरचा इमारतीचा हॉल मागायला मी सेक्रेटरींकडे गेलो.

सेक्रेटरींच्या दारावर "सेक्रेटरी घरी नाहीत" अशी पाटी असते. ती ते स्वतःच लावतात आणि बेल वाजली की स्वतःच दार उघडतात. या गृहस्थाला कित्येक वर्षांपासून राजीनामा द्यायचाय. पण तो घ्यायला दुसरा सेक्रेटरी लागतो, आणि तो मिळत नाही.

"खासगी कार्यक्रमाला हॉल नाही," ते म्हणाले. "तसा ठराव आहे."

"कोणी केला?"

"मीच. एकांच्या कार्यक्रमात पोरांनी भिंतीला हात पुसले होते. फक्त सभेला मिळतो." मग त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "तुम्हीच का सेक्रेटरी होत नाही? झालात की स्वतःच स्वतःला परवानगी द्या!"

मी पायऱ्या चुकवत खाली पळालो. सावज हुकल्यासारखे ते वरून कठड्याला धरून पाहत राहिले.

खाली नियमकाका भेटले. नियमकाका नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हॉल सभेला मिळतो ना? मग सभा बोलवा."

"वाढदिवसाची?"

"विशेष सर्वसाधारण सभा. कोणीही सभासद बोलवू शकतो. सूचना लावायची, हॉल ताब्यात घ्यायचा, सभेला कोणी आलं नाही की सभा तहकूब. मग आत पोरांनी चहा प्यायला काय, कोलांट्या मारल्या काय, नियम आड येत नाही."

"आणि लोक आले तर?"

नियमकाका माझ्याकडे दयेनं पाहून हसले. "विषयच असा टाकायचा की कुत्रं फिरकणार नाही. गळती! मागच्या वेळी गळतीवर सभा झाली तेव्हा मी आणि सेक्रेटरी दोघंच होतो. त्यातले सेक्रेटरी झोपले होते."

त्यांनी तिथल्या तिथं मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पण मी पडलो सरकारी माणूस. पोरं चहा पिताना कोणी पाहिलं तर निदान लेखी आधार असावा, म्हणून शेवटी माझ्या बुद्धीनं एक ओळ वाढवली. "सभेनंतर चहाची व्यवस्था केलेली आहे." नियमकाका नंतर म्हणाले की त्यांना आधी दाखवलं असतं तर ही ओळ त्यांनी माझ्या हातून काढून घेतली असती.

सूचनेची एक प्रत उरली होती. तिच्या पाठीमागं मी ठकूचं नाव आणि शुभेच्छा स्वच्छ अक्षरात लिहिल्या आणि ती प्रत केकवाल्याला नेऊन दिली. "यावरचा मजकूर केकवर लिहायचा. एक अक्षर चुकू नका," असं त्याला दोनदा बजावलं. केकवाला म्हणाला, "निश्चिंत राहा."

रविवारी आम्ही हॉलमध्ये फुगे लावले. मधोमध टेबल, टेबलामागं एक उंच खुर्ची, तिला चारी बाजूंनी फुगे बांधले. वाढदिवसाची मुलगी तिथं बसणार. ठकूनं नवा फ्रॉक घातला होता आणि हातात आपली ती किटली. पोरं आली. वरच्या मावशींची नातवंडं आली, समोरची जुळी आली. ठकू प्रत्येकाला बिस्कीट देत होती आणि दर बिस्किटामागं दाराकडे पाहत होती. खालची आली नव्हती. मावशींचं ते लाजेकाजेचं शास्त्र डॉक्टरांना लागू पडलं नव्हतं.

"येईल हं," ही म्हणाली.

"हो," ठकू म्हणाली, आणि कोणाला ऐकू येणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "बाबा, गळती संपली नाही का?"

तेवढ्यात दार उघडलं.

पहिल्या मजल्यावरचे दोघे आले. त्यांच्यामागं तिसऱ्यावरचे. मग ज्यांना मी कधी चपलेशिवाय पाहिलं नव्हतं ते चपला काढून आत आले. पाहता पाहता हॉल भरला. कोणाला गच्चीबद्दल बोलायचं होतं, कोणाला पाण्याच्या टाकीबद्दल, आणि सगळ्यांना चहा हवा होता. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशातून राजीनाम्याचं टोक डोकावत होतं. मी नियमकाकांकडे पाहिलं. ते छताकडे पाहू लागले.

आणि सगळ्यांच्या शेवटी दातांचे डॉक्टर आले. वाढदिवसाला ते आले नसते, पण गळतीच्या सभेची ते महिनोन्महिने वाट पाहत होते. एका हातात पुरावा म्हणून बादली. दुसऱ्या हाताला, आई कामावर आणि घरी कोणी नाही म्हणून, खालची.

ठकूनं तिला पाहिलं, आणि मग मला पाहिलं. अशा नजरेनं माझ्याकडे आजवर कोणीच पाहिलेलं नाही. "बाबांनी आणलं!" ती ओरडली. मी काही आणलं नव्हतं, माझ्याच गळ्याशी आलेलं ते प्रकरण होतं. पण त्या एका ओरडण्यासाठी मी आणखी दहा सभा सोसल्या असत्या.

"कोरम आहे," नियमकाका खोल आवाजात म्हणाले. "म्हणजे आता सभा घ्यावीच लागेल. अध्यक्ष कोण?"

सगळे एकदम आपापल्या पायांकडे पाहू लागले. तेवढ्यात ठकू फुगे बांधलेल्या खुर्चीवर जाऊन बसली.

"अध्यक्षांच्या खुर्चीवर अध्यक्ष स्थानापन्न झालेले आहेत," नियमकाका म्हणाले. "कोणाची हरकत?"

हरकत घेणाऱ्यालाच खुर्चीवर बसवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच वेळी केकवाल्याचा माणूस खोकं ठेवून गेला. हिनं झाकण काढलं. गुलाबी क्रीमच्या फुलांच्या मधोमध सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "विशेष सर्वसाधारण सभा. विषय: गळती." खाली जागा कमी पडल्यामुळे बारीक अक्षरात, "उपस्थिती प्रार्थनीय." एक अक्षर चुकलं नव्हतं. फक्त कागदाची बाजू चुकली होती.

"गळतीवर केक?" डॉक्टर कडाडले. "ही थट्टा आहे का?"

"अल्पोपाहार," नियमकाका म्हणाले.

मग डॉक्टर बोलायला उठले. बादली उंच धरून त्यांनी सगळी कैफियत मांडली. रोज तीच वेळ, तोच कोपरा, छतातून पाण्याची धार. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मग मी उठलो. प्लंबरचा निर्वाळा सांगितला, पाण्याचे गुणधर्म सांगितले, आणि कक्षातली सवय म्हणून "प्रकरणी कार्यवाही चालू आहे" असंही तोंडून निघून गेलं. त्यावर जो हशा झाला त्यात आमची ही सामील होती, हे मी विसरणार नाही.

सेक्रेटरींनी ही संधी साधली. "मंडळी, उगाच भांडण नको. यांना गळतीतलं सगळं कळतं. यांच्याच घरी गळती आहे. मी सुचवतो, यांनाच सेक्रेटरी करावं. सगळ्या तक्रारी ते नोंदवतील, तशी त्यांना सवय आहे."

हात वर झाले. समोरच्यांचे, पहिल्या मजल्यावरच्यांचे, डॉक्टरांचा तर बादलीसकट. वरच्या मावशींनी दोन्ही हात वर केले, दोन्हींत बिस्किटं होती. दिवसभर कक्षात गळत्या आणि संध्याकाळी घरी टाक्या, गच्च्या, जिन्यातले दिवे. माझ्या दारावर ती पाटी लागलेली मला दिसायला लागली. सेक्रेटरींनी तर राजीनामा खिशातून अर्धा बाहेर काढला होता.

"थांबा," नियमकाका म्हणाले. "अध्यक्षांनी जाहीर केल्याशिवाय ठराव मंजूर होत नाही. अध्यक्ष कुठं आहेत?"

अध्यक्ष खुर्चीवर उभे होते. एका हातानं खुर्चीची पाठ धरून ठकू किटली वाकडी करत होती. खाली, खुर्चीच्या पायाशी, खालची मान वर करून उभी होती आणि डोक्याच्याही वर एक छोटा कप धरून होती. वरून दुधाळ चहाची बारीक धार पडत होती. थोडी कपात, थोडी फ्रॉकवर.

"इकडं जरा," खालची म्हणाली.

"आता?"

"आता बरोबर."

"अगं, खाली बसून ओत ना!" ही धावली. "असं कोणी चहा देतं का?"

"असाच देतात," ठकू म्हणाली. "मी वर असते ना."

"आणि मी खाली असते," खालची म्हणाली.

डॉक्टर पुढं आले. "हा कप कुठून आणलास?"

"ठकूनं दिला. जिन्यात. खूप दिवस झाले."

हरवलेला कप तो हाच. आता माझ्याही डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला होता, पण पडू नये असं वाटत होतं.

"वर म्हणजे कुठं, खाली म्हणजे कुठं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाथरूममध्ये," ठकू समजावून सांगू लागली. "पाइपाशेजारी भोक आहे. तुम्ही सगळे चहा प्यायला बसता ना, तेव्हा आम्ही पण पितो. मी म्हणते, चहा आला. मग ती स्टुलावर उभी राहते."

"पण सगळा कपात पडत नाही," खालची प्रामाणिकपणे म्हणाली. "खूप सांडतो."

डॉक्टरांनी हातातल्या बादलीकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे. गळतीला घड्याळ कळत नाही असं मी म्हणालो होतो. या गळतीला चहाची वेळ माझ्यापेक्षा चांगली कळत होती.

"अगं पण मी तुला शंभरदा विचारलं, बाथरूममध्ये पाणी सांडतेस का म्हणून!" मी म्हणालो.

"तुम्ही पाणी विचारलं," ठकू म्हणाली. "आम्ही चहा देत होतो."

"तू पीत होतीस ते?" डॉक्टरांचा आवाज कातर झाला.

"नाही हो बाबा. खोटं खोटं."

"साखर?"

"दोन चमचे. तीपण खोटी."

"मग दातांना चालतं," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. आधी नुसते गालात, मग असे हसले की बादली खाली ठेवावी लागली. त्यांच्यामागोमाग अख्खा हॉल हसायला लागला. माझ्या छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं मला झालं. एवढी भांडणं, प्लंबर, दाढेसाठी केलेले दोन बसचे प्रवास, आणि या सगळ्याखाली काय होतं, तर दोन पोरी चहा पीत होत्या. आम्ही दारं लावून घेतली, त्यांनी भोक तेवढं उघडं ठेवलं.

हसू ओसरल्यावर नियमकाकांनी घसा खाकरला. "गळती ही गळती नसून आदरातिथ्य असल्याचं सिद्ध झालं आहे. त्यामुळे ज्या कारणासाठी यांना सेक्रेटरी करायचं ते कारणच उरलेलं नाही. ठराव बाद. अध्यक्षांची संमती आहे का?"

सेक्रेटरी अध्यक्षांकडे डोळ्यांत प्राण आणून पाहत होते.

"बाद म्हणजे काय?" ठकूनं विचारलं.

"म्हणजे बाबा पूर्वीसारखेच राहणार," ही म्हणाली.

ठकूनं माझ्याकडे पाहून थोडा विचार केला. तो थोडा लांबलाच, असं मला वाटलं. "राहू देत," ती म्हणाली.

"मग सभा संपली म्हणायचं का?" नियमकाकांनी विचारलं.

"नाही," अध्यक्ष म्हणाले. "आधी चहा."

मग सगळ्यांनी चहा घेतला. मोठ्यांना मोठ्यांचा, पोरांना दुधाचा. केक कापला तेव्हा "विशेष" सेक्रेटरींच्या वाट्याला आलं. त्यांनी ते राजीनाम्याच्या कागदावरच घेतलं, दुसरी बशी उरली नव्हती. "गळती" मी आणि डॉक्टरांनी अर्धी अर्धी वाटून घेतली. खाता खाता ते माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "डाव्या बाजूनं चावत नाही तुम्ही. उद्या येऊन दाखवा." भिंतीला हात पुसले गेलेच, पण ते पोरांचे होते की पहिल्या मजल्यावरच्यांचे याबद्दल ठराव झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आल्यावर मी बाथरूममध्ये उकिडवा बसून ते भोक शोधून काढलं. पाइपाच्या मागं, बादलीच्या आड. इतकं छोटं की प्लंबरला दिसलं नाही यात त्याचा काही दोष नाही. ते बुजवायला मिस्त्री बोलवावा की आपणच सिमेंट लावावं या विचारात मी वाकलो, तर आतून खाकरण्याचा आवाज आला.

"वर कोण आहे?" डॉक्टरांचा आवाज.

"मी," मी भोकाशी तोंड नेऊन म्हणालो.

"चहा टाकलाय. जिन्यानं या."

मी उठून गुडघे झटकले आणि दाराकडे वळलो. दार आधीच सताड उघडं होतं, आणि ठकूच्या चपला जागेवर नव्हत्या.